वैनगंगेकाठचा लाल कुत्रा

1973 साली इटली, स्पेन आणि फ्रान्समधल्या निर्मात्यांनी मिळून ‘झान्ना बियांका’ नावाचा चित्रपट काढला. जॅक लंडनच्या 1906 सालच्या ‘व्हाइट फँग’ या कादंबरीवर तो बेतलेला होता. दिग्दर्शक लुचिओ फुल्ची, नायक फ्रांको नेरो, सोबत विर्ना लिझी आणि फर्नांदो रे. सोन्याच्या आशेनं क्लोंडाइकला लोटलेली माणसं, बर्फ, बंदुका, दारूचे गुत्ते, सगळ्या वस्तीला वेठीस धरणारा एक गुंड आणि या सगळ्यांना पुरून उरणारा, अंगात लांडग्याचं रक्त असलेला एक कुत्रा. वेस्टर्नपटांचा सगळा सरंजाम होता, पण चित्रपट मुलाबाळांना घेऊन पाहावा असा होता. दुसऱ्याच वर्षी त्याच दिग्दर्शकानं आणि त्याच नायकानं पुढचा भाग काढला. मागोमाग इतरांनीही त्याच नावाचे चित्रपट काढले. युरोपातल्या एका पिढीसाठी लांडगा-कुत्रा हा नायक झाला.

‘झान्ना बियांका’च्या आदल्या वर्षी, सप्टेंबर 1972 मध्ये, भारतात वन्यजीव संरक्षण कायदा झाला आणि रानकुत्र्याला कायद्याचं संरक्षण मिळालं. तोवर या जनावराला मारून आणणाऱ्याला बक्षीस मिळत असे. आजच्या गोंदिया जिल्ह्यातलं नागझिरा अभयारण्य होऊन तेव्हा जेमतेम दोन वर्षं झाली होती. एकाच कुळातले दोन प्राणी. एकाला पडद्यावर टाळ्या मिळत होत्या आणि दुसरा नुकता कुठे उपद्रवी जनावरांच्या यादीतून सुटत होता. रानकुत्रा त्या यादीत गेला कसा, कोणत्या पुराव्यावर गेला आणि त्याला बाहेर कोणी काढलं, हे उरलेल्या कागदांवरून बऱ्यापैकी जुळवता येतं. ते जुळवावं असं मला फार वाटतं, कारण या प्राण्यावर लिहिताना पुराव्याची चाड फार कमी जणांनी ठेवली.

कागद कुठे शोधायचे हे आधी सांगायला हवं. गोंदिया जिल्हा 1 मे 1999 रोजी झाला. त्याआधी हा सगळा मुलूख भंडारा जिल्ह्यात होता. भंडारा 1956 मध्ये मुंबई राज्यात आला. त्यापूर्वीचा जवळजवळ शतकभराचा काळ तो मध्यप्रांताच्या कारभारात होता. त्यामुळे नागझिऱ्याच्या रानकुत्र्याचा मागोवा घ्यायचा तर सिवनी, बालाघाट, भंडारा या एकमेकांना लागून असलेल्या रानांबद्दल मध्यप्रांतात जे लिहिलं गेलं, त्यातून घ्यावा लागतो. या सगळ्या रानांना सांधणारी नदी म्हणजे वैनगंगा. सिवनी जिल्ह्यात उगम पावून, बालाघाटातून वळसा घेऊन ती गोंदिया-भंडाऱ्याच्या अंगानं दक्षिणेला उतरते. ही नदी लक्षात ठेवावी, पुढे तिच्या काठी एक लढाई व्हायची आहे.

पहिला भक्कम कागद मात्र दख्खनचा आहे. विल्यम हेन्री साइक्स हा कंपनी सरकारच्या मुंबई फौजेतला अधिकारी. 1817 च्या खडकीच्या लढाईत तो होता. 1824 पासून मुंबई सरकारचा सांख्यिकी अधिकारी म्हणून तो दख्खनभर हिंडला. पिकं, जमीन, लोकसंख्या, हवामान यांच्या नोंदी करता करता पक्षी आणि सस्तन प्राणीही टिपत गेला. 1831 मध्ये लंडनच्या प्राणिशास्त्रीय सोसायटीच्या इतिवृत्तात त्याची दख्खनच्या सस्तन प्राण्यांची यादी छापली गेली. त्या यादीत रानकुत्र्याला त्यानं ‘कॅनिस दुखुनेन्सिस’, म्हणजे दख्खनचा कुत्रा, असं शास्त्रीय नाव दिलं आणि मराठे याला ‘कोळसून’ म्हणतात अशी नोंद केली. आपल्या माळावरच्या लांडग्याला ‘कॅनिस पॅलिपीस’ हे नाव मिळालं तेही त्याच यादीत. आज भारतीय लांडग्याच्या शास्त्रीय नावात ते टिकून आहे.

म्हणजे आपल्याकडचा लांडगा आणि आपल्याकडचा रानकुत्रा हे दोघं शास्त्राच्या दप्तरात एकाच माणसाच्या हातून, एकाच यादीत, लागोपाठ दाखल झाले. आणि साइक्सनं दोघांची गल्लत मुळीच केली नाही. कोळसुनाचा चेहरा कोल्ह्यासारखा नाही, खोकडासारखा नाही, लांडग्यासारखाही नाही, असं त्यानं बजावून लिहिलं. त्याला तो चेहरा एखाद्या राकट, तिरसट इराणी शिकारी कुत्र्यासारखा वाटला. लांडगे त्याला दिसले ते उघड्या खडकाळ माळांवर, घाटाच्या झाडीत नाहीत. ही भूगोलाची नोंद अगदी साधी आहे, पण पुढच्या लेखकांनी ती ध्यानात ठेवली असती तर बराच घोळ टळला असता. लांडगा मोकळ्या माळाचा, कोळसून झाडीचा.

पुढच्या शास्त्रज्ञांनी हा वेगळेपणा आणखी पक्का केला. लांडगा, कोल्हा, घरचा कुत्रा यांना 42 दात असतात, कोळसुनाला 40. खालच्या जबड्यातली शेवटची दाढ त्याला नसते. मादीला सडं जास्त असतात. हॉजसननं 1838 मध्ये त्याच्यासाठी ‘क्युऑन’ ही स्वतंत्र प्रजातीच केली. जर्डनचं 1867 चं सस्तन प्राण्यांवरचं पुस्तक, स्टर्नडेलचं 1884 चं, ब्लॅनफर्डचं 1888 ते 1891 मधलं, अशा लागोपाठच्या ग्रंथांत कोळसून येतो, मराठी नावासकट येतो. शास्त्राच्या बाजूनं पाहिलं तर पन्नास-साठ वर्षांत या प्राण्याची ओळख नीट झाली होती.

सरकारी कागद मात्र दुसऱ्याच वळणाचे आहेत.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या पंचवीस वर्षांत ब्रिटिश सरकार दर वर्षी एक तक्ता छापू लागलं. हिंस्र जनावरांनी आणि सापांनी किती माणसं मारली, किती गुरं मारली आणि उलट किती जनावरं मारून बक्षीस दिलं, याचा तो प्रांतवार हिशोब. रकाने ठरलेले होते: हत्ती, वाघ, बिबट, अस्वल, लांडगा, तरस, ‘इतर प्राणी’ आणि साप. या ओळीत लांडग्याला स्वतःचा रकाना आहे. लहान मुलं उचलून नेण्याच्या घटना उत्तर हिंदुस्थानात घडत होत्या, त्यामुळे त्याचं नाव तिथे असणं समजण्यासारखं आहे. रानकुत्र्याला रकाना नाही. कारण माणसावर त्यानं हल्ला केल्याच्या विश्वासार्ह नोंदी जवळजवळ नाहीतच. हत्तीपासून सापापर्यंत सगळ्यांनी माणसं मारली म्हणून ते तक्त्यात बसले. कोळसून त्यात बसेना.

तरी त्याच्यावर बक्षीस होतंच. मग गुन्हा कोणता? तो शिकाऱ्यांच्या पुस्तकांत सापडतो. मध्यप्रांतातलं रान म्हणजे साहेबांचं शिकारीचं मैदान. महिनाभराची रजा काढून, तंबू, हाकेवाले, हत्ती यांची तजवीज करून माणूस सांबराच्या शिंगांसाठी येणार आणि नेमक्या त्याच खोऱ्यातून आठ दिवसांपूर्वी रानकुत्र्यांची टोळी गेलेली असणार. चितळ-सांबर बिथरून पांगलेली. साहेब हात हलवत परतणार आणि वहीत रानकुत्र्याला शिव्या लिहिणार. त्या काळच्या शिकारी पुस्तकांत हीच तक्रार पुन्हापुन्हा भेटते. तिच्यात क्रौर्याचाही आरोप मिसळलेला असतो, कारण कोळसून भक्ष्याचा गळा दाबून धरत नाही, मागून पोट फाडतो आणि जनावर पुरतं मरायच्या आत खायला लागतो. पाहायला ते भयंकर असतं हे खरं. पण वाघाच्या जबड्यात गुदमरणाऱ्या चितळाबद्दल त्याच पुस्तकांत इतका कळवळा आढळत नाही. वाघ हा तोलामोलाचा प्रतिस्पर्धी होता, त्याचं कातडं दिवाणखान्यात टांगायचं होतं. रानकुत्र्याचं कातडं कोणालाच नको होतं.

शिकाऱ्यांच्या नोंदींत ऐकीव गोष्टीही शिरल्या. रानकुत्रे झुडपांवर मुततात, त्यातून जनावर पळालं की त्याचे डोळे जातात आणि मग ते त्याला धरतात, ही त्यातली सगळ्यात चिवट. ती गोऱ्यांनी आपल्या वाटाड्यांकडून ऐकली आणि छापून पुन्हा आपल्याकडे परत पाठवली. विदर्भात आजही ती ऐकायला मिळते. कोणत्याही जाणत्या निरीक्षकानं असं घडताना पाहिल्याची नोंद मात्र नाही. लेफ्टनंट कर्नल आर. डब्ल्यू. बर्टननं 1940 मध्ये मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात ‘भारतीय रानकुत्रा’ या विषयावर दीर्घ लेख लिहिला. तोही शिकारीच. पण साइक्सच्या यादीनंतर शंभरहून अधिक वर्षांनी हा प्राणी अशा स्वतंत्र, लांबलचक चर्चेचा विषय झाला, हेही त्या काळाच्या मानानं बरंच म्हणायचं.

आता त्या लढाईकडे.

रुडयार्ड किपलिंगची ‘जंगल बुक्स’ 1894 आणि 1895 सालची. मोगलीच्या कथा सिवनीच्या डोंगरात घडतात हे सगळ्यांना माहीत आहे. किपलिंग सिवनीला कधी गेल्याचा पुरावा मात्र नाही. त्यानं ते रान पुस्तकांतून उभं केलं. त्यातलं मुख्य म्हणजे रॉबर्ट स्टर्नडेलचं 1877 मधलं ‘सिवनी, किंवा सातपुड्यातलं तंबूतलं जिणं’ अशा आशयाचं पुस्तक. दुसऱ्या ‘जंगल बुक’मध्ये ‘रेड डॉग’ नावाची कथा आहे. दख्खनकडून लाल कुत्र्यांची प्रचंड टोळी सिवनीवर चालून येते. वाटेतलं सगळं फस्त करत येते. वाघसुद्धा तिला वाट देतो. म्हातारा अकेला, मोगली आणि लांडग्यांचा कळप तिच्याशी लढायचं ठरवतात. मोगली झाडावर बसून टोळीला डिवचतो, म्होरक्याची शेपटी छाटतो, संध्याकाळपर्यंत त्यांना तिथेच अडकवून ठेवतो. मग आग्यामोहोळांनी भरलेल्या कड्यावरून पळत सुटतो आणि नदीत उडी टाकतो. मागची टोळी माश्यांच्या तावडीत सापडते, उरलेली प्रवाहात वाहत जाते आणि खालच्या अंगाला लांडगे तिचा निकाल लावतात. अकेला तिथे मरतो. नदी वैनगंगा आहे.

म्हणजे जगभरच्या मुलांनी वाचलेली लांडग्यांच्या शौर्याची सर्वात गाजलेली लढाई वैनगंगेच्या पाण्यात झाली. आणि ती ज्यांच्याविरुद्ध झाली ते आमचे कोळसून. दख्खनहून सिवनीकडे चाललेली टोळी म्हणजे या खोऱ्यातूनच वर गेलेली टोळी. नागझिऱ्याच्या गायखुरी डोंगरातल्या रानकुत्र्यांचे पणजोबाच म्हणा ना.

कथा म्हणून ती थरारक आहे, आणि लहानपणी वाचणारा प्रत्येक जण लांडग्यांच्या बाजूनं असतो. पण साधार पाहायचं तर तिच्यातलं काय टिकतं? मोगली लाल कुत्र्यांना त्यांच्या बोटांमधल्या केसांवरून हिणवतो. ते केस खरे आहेत, शास्त्रग्रंथांत त्यांची नोंद आहे. आग्यामोहोळांचा कडाही हवेतला नाही. जबलपूरजवळच्या भेडाघाटच्या संगमरवरी कड्यांवरची आग्यामोहोळं आणि त्यांनी माणसांवर केलेले हल्ले यांची हकिगत फॉर्सिथच्या 1871 च्या मध्य भारतावरच्या पुस्तकात येते. नर्मदेवरचा तो कडा किपलिंगनं वैनगंगेवर आणून बसवला असावा, असा अंदाज करायला पुरेशी जागा आहे. वाघ रानकुत्र्यांना वाट देतो हेही शिकाऱ्यांच्या पुस्तकांतलंच.

टिकत नाही ते हे. रानकुत्र्यांची टोळी साधारण पाच ते बारा जनावरांची असते. वीसच्या वर गेली की ती मोठी टोळी. फौजेसारखी शेकड्यांची टोळी फक्त कथेत. झाडीच्या रानात लांडग्यांचं राज्य ही कल्पना साइक्सच्या साध्या नोंदीशीच जुळत नाही. आणि माणसाच्या पोराचा जीव घ्यायला टपलेला रानकुत्रा तर सरकारी तक्त्यातही सापडत नाही. किपलिंगला खलनायक हवा होता. तो त्यानं शिकाऱ्यांच्या तक्रारींतून उचलला आणि आपल्या असामान्य लेखणीनं कायमचा करून टाकला.

लांडग्यांच्या नशिबी तरी त्यामुळे सुख आलं का? इतिहासकार महेश रंगराजन यांनी सरकारी बक्षिसांचे आकडे जुळवून हिशोब मांडला आहे: 1875 ते 1925 या पन्नास वर्षांत 80,000 हून अधिक वाघ, दीड लाखाहून अधिक बिबटे आणि दोन लाख लांडगे मारले गेले. पुस्तकातला अकेला वीरमरण पावला त्या वर्षीही खऱ्या लांडग्यांची मुंडकी कचेरीत जमा होत होती. कथेत एकाला नायक आणि दुसऱ्याला राक्षस केलं गेलं. सरकारनं दोघांनाही मारलं. यातला लांडगा तक्त्यात मोजला गेला म्हणून आज त्याचा हिशोब मांडता येतो. रानकुत्रा ‘इतर’ मध्ये गेला.

‘जंगल बुक्स’नंतर दहा-बारा वर्षांच्या आत जॅक लंडननं हाच धागा उत्तर ध्रुवाकडच्या बर्फात नेला. 1903 मध्ये ‘द कॉल ऑफ द वाइल्ड’, 1906 मध्ये ‘व्हाइट फँग’. त्याचा नायक तीन हिस्से लांडगा आणि एक हिस्सा कुत्रा. माणसांच्या हातून मार खात, झुंजी लढत तो शेवटी कॅलिफोर्नियातल्या एका न्यायाधीशाच्या घरात मायेनं राहतो आणि त्या घराचे प्राण वाचवतो. या कादंबरीवर पुराव्याचा आक्षेप ताबडतोब आला, तोही थेट अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांकडून. थिओडोर रूझवेल्ट स्वतः शिकारी आणि निसर्गाचे अभ्यासक. 1907 मध्ये त्यांनी लंडनसकट काही लेखकांवर उघड टीका केली: कादंबरीतल्या जनावरांच्या झुंजी खऱ्या जनावरांच्या नाहीत, हे निसर्गाचं सोंग आहे. पुढच्या वर्षी लंडननं उत्तर दिलं. हा वाद मला महत्त्वाचा वाटतो, कारण त्यात निदान कोणीतरी विचारलं की लांडगा असं खरंच करतो का. कोळसुनाच्या वतीनं किपलिंगला असं विचारणारा कोणी राष्ट्राध्यक्ष नव्हता.

फुल्चीच्या चित्रपटात तर कादंबरीतलं लांडगेपणही पातळ झालं. पडद्यावर वावरतो तो अल्सेशियनच्या वळणाचा, देखणा, माणसाळलेला कुत्रा. शौर्य दाखवायला माणसाच्या कामी येणारं जनावर लागतं, ही त्या चित्रपटप्रकाराची अट. जे जनावर माणसाच्या कामी येत नाही आणि माणसाला इजाही करत नाही, फक्त आपल्या टोळीत राहतं, त्याला नायक करणं कोणाला सुचत नव्हतं.

ते सुचलं 1970 नंतर, आणि बंदूक खाली ठेवून पाहणाऱ्या माणसांना सुचलं. तमिळनाडूतले शास्त्रज्ञ ए. जे. टी. जॉनसिंग यांनी 1976 ते 1978 या काळात कर्नाटकातल्या बंदीपूरच्या रानात रानकुत्र्यांच्या टोळीचा मागोवा घेतला. 1982 मध्ये त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. दीडशे वर्षांच्या कागदांत पहिल्यांदा टोळी आतून दिसली ती तिथे. तिच्यात सहसा एकच जोडी विते. मादी बिळात पिल्लं घेऊन असते तेव्हा बाकीची मोठी जनावरं शिकार करून येतात आणि पोटातलं मांस ओकून तिला आणि पिल्लांना भरवतात. बाकी सगळे शिकारीला गेले तरी एखादं जनावर बिळाशी राखणीला थांबतं. स्वतःची पिल्लं नसलेली ही जनावरं दुसऱ्याच्या पिल्लांसाठी राबतात.

नागझिऱ्यात हे कसं दिसतं ते सांगायला हवं. हिवाळ्यातली सकाळ. तलावाच्या पाण्यावर अजून वाफ आहे. आधी चितळांचा इशारा येतो, मग पलीकडच्या सागाच्या झाडीतून शिट्टी. बारीक, मध्येच तुटणारी, पक्ष्याची वाटावी अशी. कोळसून भुंकत नाही. दाट झाडीत एकमेकांपासून लांब पडलेली जनावरं या शिट्टीनं पुन्हा जुळतात. मग एक सांबर मादी झाडीतून सुसाट येते आणि थेट पाण्यात उतरते, पोटापर्यंत, मग मानेपर्यंत. काठावर तांबूस, काळ्या झुपकेदार शेपटीची सात-आठ जनावरं येऊन थांबतात. एकेकाचं वजन बारा ते वीस किलो, समोरचं सांबर त्यांच्या दहापट. कोणी घाई करत नाही. दोघं बसतात, एक काठानं फिरून पलीकडे जातो, एक पाण्यात चार पावलं टाकून परत येतो. सांबर दमून बाहेर पडलं तर पुढचा सगळा प्रकार काही मिनिटांत आटोपतो. एक कोळसून तासाभरात चारेक किलो मांस खाऊ शकतो, कारण वाघ किंवा बिबट्या येण्याआधी पोटात जाईल तेवढंच आपलं. आणि त्या गर्दीतही वर्षाच्या आतली पिल्लं पुढे येतात तेव्हा मोठी जनावरं बाजूला सरून त्यांना आधी खाऊ देतात. ज्या तोंडांना शिकारी पुस्तकांनी क्रूर म्हटलं, तीच ही तोंडं.

मराठीत या रानाचे कागद तयार झाले ते याच काळात. व्यंकटेश माडगूळकरांनी नागझिऱ्यात मुक्काम करून ‘नागझिरा’ हे पुस्तक लिहिलं. मारुती चितमपल्ली वनाधिकारी म्हणून नवेगावबांधच्या परिसरात वर्षानुवर्षं राहिले आणि या मुलखातली झाडं, पाखरं, जनावरं आणि इथल्या गोंड-कोहळी लोकांचं रानज्ञान मराठीत आणलं. किरण पुरंदरे नागझिऱ्यात चारशे दिवस राहिले आणि त्यातून ‘सखा नागझिरा’ झालं. माझ्या मते ही पुस्तकं इतिहासाचे दस्तऐवज म्हणूनही वाचायला हवीत. मध्यप्रांताच्या साहेबानं ज्या प्रकारच्या रानात तंबू टाकून काय मारलं याचा हिशोब लिहिला, तशाच रानात बसून या माणसांनी काय पाहिलं याचा हिशोब लिहिला. दोन्ही प्रकारचे कागद शेजारी ठेवले की शंभर वर्षांत पाहणाऱ्याची नजर किती बदलली ते कळतं.

कॅमेराही शेवटी कोळसुनाकडे वळला. म्हैसूरच्या कृपाकर–सेनानी या जोडीनं बंदीपूरच्या रानात वर्षानुवर्षं एका टोळीच्या मागे राहून ‘वाइल्ड डॉग डायरीज’ हा माहितीपट केला. 1997 मध्ये याच दोघांना चंदनतस्कर वीरप्पननं पळवून नेलं होतं. सुटून आल्यावरही त्यांनी रान सोडलं नाही. रानकुत्र्याला नायक करायला अल्सेशियन लागत नाही, पटकथेतला गुंडही लागत नाही, हे त्या चित्रीकरणानं दाखवलं.

डिसेंबर 2013 मध्ये नागझिरा, नवीन नागझिरा, नवेगाव राष्ट्रीय उद्यान, नवेगाव अभयारण्य आणि कोका मिळून नवेगाव–नागझिरा व्याघ्र प्रकल्प झाला, महाराष्ट्रातला पाचवा. नाव वाघाचं, पण वाघ मोजके. 2023 च्या मे महिन्यात ब्रह्मपुरीच्या रानातून दोन वाघिणी आणून इथे सोडाव्या लागल्या. या रानात दिवसाउजेडी वावरणारा मोठा शिकारी म्हणजे रानकुत्राच. देहरादूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेच्या संशोधकांनी इथल्या टोळ्यांचा अभ्यास सुरू केला तो त्यामुळेच. विष्ठेतल्या जनुकांवरून एकेक जनावर ओळखणं, कॅमेरा सापळे लावणं, टोळीतल्या एखाद्याला रेडिओ कॉलर घालून तिचा वावर पाहणं, अशी ही कामं.

याच संस्थेच्या संशोधकांनी 2016 मध्ये एक छोटी नोंद प्रसिद्ध केली. किपलिंगची ‘रेड डॉग’ वाचलेल्या प्रत्येकानं ती वाचावी. जागा मध्य प्रदेशातला सातपुडा व्याघ्र प्रकल्प, म्हणजे स्टर्नडेलच्याच डोंगररांगेचा भाग. नोंद अशी की रानकुत्र्यांच्या टोळीसोबत एक लांडगा वावरताना आढळला. लढताना नाही, सोबत. सातपुड्यातून अशा सोबतीची ही पहिलीच नोंद होती. एका नोंदीवरून मोठा निष्कर्ष काढू नये, हे संशोधकांना कोणी सांगायची गरज नव्हती. पण सातपुड्यातल्या लांडगा आणि कोळसून यांच्या भेटीबद्दलचा जो पडताळलेला कागद आज आपल्या हाती आहे, तो हा आहे. वैनगंगेची लढाई नाही.

आता कोळसुनाला धोका आहे तो आकड्यांचा. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या 2015 च्या मूल्यमापनानुसार जगात वीण करू शकणारे रानकुत्रे 949 ते 2,215 इतकेच उरले आहेत. म्हणजे वाघांहूनही कमी. नागझिरा आणि नवेगाव यांच्या मधल्या पट्ट्यातून मुंबई–कोलकाता राष्ट्रीय महामार्ग जातो. टोळी या रानातून त्या रानात जायची तर तो ओलांडून जायचा. आणि याहून अवघड प्रश्न गावातल्या कुत्र्यांचा आहे. लांडग्यापासून निपजलेला, माणसानं घरात घेतलेला तो खरा कुत्रा रानाच्या कडेला मोकाट फिरतो आणि डिस्टेंपर, पिसाळ, पार्व्हो असे रोग सोबत नेतो. टोळीतली जनावरं एकमेकांची तोंडं चाटतात, ओकलेलं मांस खातात, एकाच बिळाशी झोपतात. ज्या सवयींनी टोळी जगते त्याच सवयींनी असा रोग आठवड्याभरात सगळ्यांना लागू शकतो. पिटेझरी, चोरखमारा, मंगेझरी या वेशींवरच्या आणि भोवतालच्या गावांतल्या प्रत्येक कुत्र्याला वेळच्या वेळी लस टोचणं आणि त्याची गावनिहाय नोंद ठेवणं हे काम पशुसंवर्धन खात्यानं आणि वनखात्यानं मिळून करायचं आहे. ते दर वर्षी करावं लागतं, कारण गावात दर वर्षी नवी पिल्लं जन्मतात.